अभ्यासिकेतली हवा, कोविडचा विषाणू आणि सहा फुटांचा नियम : मोजून-मापून काय करता येईल?

वाचनालय_समिती

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाला जोडून स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका आहे. खोली ३० फूट लांब, २० फूट रुंद, १० फूट उंच. आसनं ४०. दीड टनाचे दोन स्प्लिट एसी. रस्त्याकडच्या भिंतीत तीन खिडक्या, त्या कायम बंद. समोरच्या भिंतीत वर एक झरोका, तोही पुठ्ठा लावून बुजवलेला. मुलं पहाटे सहापासून रात्री दहापर्यंत बसतात. एकाला सर्दी-खोकला झाला की आठवड्याभरात अर्धी खोली खोकत असते.

खोलीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव समितीपुढे आहे. २०२० साली टेबलांवर लावलेले प्लास्टिकचे पडदे आणि दाराशी सॅनिटायझरचा स्टँड अजून आहे. काही सभासद म्हणतात एवढं पुरे, काही म्हणतात साथ संपली, आता खर्च कशाला. जाणकारांना तीन प्रश्न : कोविडचा विषाणू पसरतो कसा, यावर आता एकमत आहे का? सहा फूट अंतर आणि पुसापुशी हे नियम आले कुठून? आणि या खोलीत नेमकं काय करावं? कृपया आकडे द्या. आकड्यांशिवाय समितीत ठराव होत नाही.

सूक्ष्मदर्शक

एकमत आहे. श्वासातून, बोलण्यातून, खोकल्यातून जे बारीक कण बाहेर पडतात त्यांवाटे तो पसरतो. हे कण समोरच्याच्या नाकातोंडात जातात आणि खोली बंद असेल तर हवेत साठतही राहतात.

विषाणूचा व्यास साधारण ०.१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण तो सुटा उडत नाही. लाळेच्या किंवा घशातल्या, फुप्फुसातल्या ओलाव्याच्या कणात बसून येतो, आणि पुढचं सगळं त्या कणाच्या आकारावर ठरतं. स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून १०० मायक्रॉनचा थेंब पाच-सहा सेकंदांत खाली पडतो. ५ मायक्रॉनच्या कणाला अर्धा तास लागतो, १ मायक्रॉनच्या कणाला बारा तासांच्या आसपास. खोलीतली हवा तर स्थिर नसतेच. पंखा, एसी, माणसांच्या अंगाची ऊब यांनी ती सतत हलत असते, त्यामुळे बारीक कण उदबत्तीच्या धुरासारखे खोलीभर पसरतात. बोलताना आणि श्वास सोडताना बाहेर पडणारे बहुतेक कण या बारीक गटातले असतात.

आता सहा फुटांबद्दल. १९३० च्या दशकात अमेरिकेत विल्यम वेल्स यांनी पडणारे थेंब आणि तरंगणारे कण यांतली सीमा १०० मायक्रॉनच्या आसपास असल्याचं दाखवलं होतं. पुढे क्षयरोगाच्या अभ्यासातून दुसरा एक आकडा आला : फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात ते ५ मायक्रॉनहून लहान कण. क्षयाचा जंतू तळाशी पोचल्याशिवाय रोग धरत नाही, म्हणून क्षयापुरता तो आकडा बरोबर. पण पुस्तकांतून दोन्ही आकड्यांची सरमिसळ झाली आणि "५ मायक्रॉनपेक्षा मोठं ते सगळं चार-सहा फुटांत खाली पडतं" असा समज वैद्यकशास्त्रात अनेक दशकं टिकला. मार्च २०२० च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असं जाहीर केलं, ते याच समजापोटी. जुलै २०२० मध्ये लिडिया मोराव्स्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्या पत्राला २३९ शास्त्रज्ञांचा पाठिंबा मिळाला, तरी अधिकृत भाषा बदलायला २०२१ उजाडलं. तोवर जगभर टेबलं पुसण्यात आणि भाज्या धुण्यात केवढे तरी श्रम गेले.

पुरावा तर आधीपासून होता. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली इथे एका गायनवृंदाची अडीच तास तालीम झाली. ६१ जण हजर होते, लक्षणं एकाला. त्यानंतर एकूण ५३ जणांना खात्रीने किंवा बहुधा कोविड झाल्याची नोंद झाली, दोघे दगावले. एका माणसाच्या थुंकीचे थेंब अडीच तासांत इतक्या जणांच्या तोंडावर उडत नाहीत. हवेनेच हे होऊ शकतं.

पृष्ठभागांचं म्हणाल तर अमेरिकेच्या सीडीसीने (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) एप्रिल २०२१ मध्ये, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी असल्याचं म्हटलं. हात धुणं सोडू नका, जुलाबाचे जंतू त्याने अडतात. पण खोकल्याच्या साथीवर तो उपाय समजून हवेकडे दुर्लक्ष केलंत तर पैसे चुकीच्या जागी जातील.

आणखी एक मुद्दा समितीला जरूर सांगा. कोविडच्याच कुळातल्या विषाणूने आलेल्या २००३ च्या सार्समध्ये रुग्णाच्या शरीरातला विषाणू आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात शिगेला पोचायचा, तोवर रुग्ण रुग्णालयात असायचा. त्याला वेगळं ठेवलं की साखळी तुटायची. कोविडमध्ये लक्षणं दिसण्याच्या आधीच एक-दोन दिवस माणूस विषाणू सोडू लागतो. "आजारी असाल तर येऊ नका" ही पाटी हवीच, पण तिच्या भरवशावर राहता येत नाही. खोली अशी हवी की आत कोण आजारी आहे हे माहीत नसतानाही धोका कमी राहील.

घनमीटर

वरच्या प्रतिसादाला धरून खोलीचा हिशेब मांडतो.

३० × २० × १० म्हणजे ६००० घनफूट, साधारण १७० घनमीटर. बसून वाचणारा माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ४० जणांचे झाले ७२० लिटर, म्हणजे ०.७२ घनमीटर. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच हवा थंड करून परत सोडतो. त्याच्या जाळीत धूळ अडते, विषाणूचे कण नाहीत. खिडक्या बंद असलेल्या अशा खोलीत फटींमधून तासाला फार तर अर्धी खोलीभर हवा बदलते. या हिशेबाने दोन तासांत कार्बन डायऑक्साइड ५००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ५००० भागांच्या) वर जाईल. बाहेर तो सुमारे ४२० असतो.

हा आकडा का पाहायचा? माणसाने सोडलेल्या श्वासात साधारण ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. खोलीत २००० पीपीएम झालं, तर तिथला मुलगा आत घेत असलेल्या हवेचा पंचविसावा भाग आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो. ५००० ला तो जवळपास नववा भाग होतो. दुपारी मुलं पेंगतात त्यालाही हे एक कारण आहे, पण तो वेगळा विषय.

लक्ष्य १००० पीपीएमच्या आत ठेवा. त्यासाठी बाहेरची हवा तासाला सुमारे १२४० घनमीटर लागेल, म्हणजे माणशी सेकंदाला साडेआठ लिटर. जागतिक आरोग्य संघटनेने साथीच्या काळात माणशी १० लिटर सुचवले होते, त्याच्या जवळपास आपण येतो.

हे जमवायला झरोक्यावरचा पुठ्ठा काढा आणि तिथे बारा इंची एक्झॉस्ट फॅन बसवा, हवा बाहेर फेकणारा. खोक्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. शटर, जाळी आणि साठलेली धूळ धरून प्रत्यक्षात त्याच्या साठ टक्के मिळाले तरी पुष्कळ, म्हणून खोक्यावर निदान २००० घनमीटर प्रति तास लिहिलेला घ्या. आत येणारी हवा समोरच्या तीन खिडक्यांमधून येईल, म्हणजे ती खोली आडवी पार करून जाईल. खिडक्यांची मोकळी जागा मिळून किमान चार चौरस फूट हवी, डासांची जाळी असेल तर दुप्पट.

चुका होतात त्या अशा. एक्झॉस्टजवळचं दार उघडं राहिलं की हवा दारातून येते आणि तिथूनच बाहेर जाते, बाकीची खोली जशीच्या तशी. एक्झॉस्ट जोरात आणि खिडक्या बंद असतील तर शेजारच्या स्वच्छतागृहाची हवा आत ओढली जाते. छताचे पंखे हवा ढवळतात, बदलत नाहीत. आणि तुमचे टेबलांवरचे पडदे आजच काढा. ते समोरच्याच्या खोकल्याचा थेंब अडवतात, पण दोन पडद्यांमध्ये हवा कोंडून ठेवतात. फॅन लावल्यावर प्रत्येक आसनाजवळ उदबत्ती धरून धूर कुठे जातो ते पाहा. धूर जागीच घुटमळला तर तो कोपरा मृत आहे. तिथे एक छोटा भिंतीचा पंखा झरोक्याच्या दिशेने लावा.

मोजायला मीटर घ्या, पण एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे अवरक्त प्रकाशाने थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारा. स्वस्त यंत्रांवर कार्बन डायऑक्साइड लिहिलेलं असतं आणि आत दुसऱ्याच वायूंचा सेन्सर असतो, तो अंदाजाने आकडा दाखवतो. ओळखायची सोपी युक्ती : सॅनिटायझर चोळलेला हात जवळ न्या. आकडा उसळला तर यंत्र परत करा. बऱ्याच मीटरमध्ये आपोआप जुळणी असते, ती दर आठवड्यातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं धरून चालते. तुमची खोली कधीच पूर्ण मोकळी होत नसेल तर मीटर हळूहळू कमी दाखवू लागेल, म्हणून आठवड्यातून एकदा त्याला अंगणात तासभर ठेवा. मीटर भिंतीवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला लावा, खिडकी, एसी आणि कुणाच्याही तोंडापासून दूर.

हवा किती वेळा बदलते हे मीटरवरून काढता येतं. रात्री मुलं गेली की फॅन चालू आणि खिडक्या रोजच्यासारख्या ठेवून २००० वरून १००० ला यायला किती वेळ लागतो ते पाहा. बाहेरचे ४२० वजा केले तर हे प्रमाण १५८० वरून ५८०, म्हणजे साधारण ३७ टक्क्यांवर येणं. तो वेळ तासांत मांडून १ ला त्याने भागा. अर्धा तास लागला तर तासाला २ वेळा, दहा मिनिटं लागली तर ६ वेळा. तुम्हाला आठ-साडेआठ मिनिटांच्या आत यायचंय.

जनस्वास्थ्य

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. "साथ संपली" म्हणणाऱ्या सभासदांसाठी थोडं लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचं सांगितलं. विषाणू संपला असं कुणीही म्हटलेलं नाही. इन्फ्लुएन्झा, गोवर आणि क्षयही याच हवेतून येतात.

हवेने पसरणाऱ्या रोगाचा समाजावर होणारा परिणाम वस्तीच्या दाटीवरही ठरतो, हे मुंबईच्या पाहणीत दिसलं आहे. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तीन विभागांत रक्ताची पाहणी केली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं (लागण होऊन गेल्याची रक्तातली खूण) सापडली, बाहेरच्या वस्तीत १६ टक्के. नियम दोघांनाही तेच होते : घरात राहा, अंतर ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, संडास सामाईक, तिथे "घरात राहा" म्हणजे एकमेकांची हवा श्वासात घ्या असाच अर्थ होतो. हा दोष त्या माणसांच्या शिस्तीचा नव्हता, आणि तेव्हा तो त्यांच्या माथी मारला गेला याचा राग यायलाच हवा.

शंभर वर्षांपूर्वीचं चित्र निराळं नव्हतं. १९१८ चा इन्फ्लुएन्झा जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत ६ ऑक्टोबरला शहरात एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. तेव्हाच्या नोंदीत जातधर्माचे रकाने होते. ज्यांना सरकारने 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलं त्यांच्यात हजारी ६१.६ मृत्यू, युरोपीयांत ८.३. विषाणू वेगळा, शतक वेगळं, पण खोल्यांची दाटी तीच. त्याही आधी, १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते समुद्राचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून आखले. गाठीचा प्लेग पिसवांमुळे पसरतो, तेव्हा त्या रोगासाठी ते कारण चुकीचं होतं, पण क्षयासाठी वारा खेळणं योग्यच होतं. आज पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या जातात की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो.

शाळांचं नुकसानही मोठं झालं. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या 'असर' पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५. शाळा बंद ठेवणं हा तेव्हा हाताशी असलेला ढोबळ उपाय होता, कारण वर्गातली हवा सुरक्षित आहे की नाही हे सांगायला कुणाकडे मोजमाप नव्हतं. खिडक्या, एक्झॉस्ट आणि एक मीटर एवढं जरी असतं तरी वर्ग टप्प्याटप्प्याने, लवकर उघडण्याचा विचार आधाराने करता आला असता. तुमच्या अभ्यासिकेतली बरीच मुलं घरी जागा नाही म्हणूनच तिथे येतात. पुढच्या साथीत ती पुन्हा कुलूपबंद करायची नसेल तर खर्चाची वेळ हीच आहे.

वाचनालय_समिती

सर्वांचे मनापासून आभार. हे सगळं छापून सभेत ठेवतो. तीन अडचणी मात्र लगेच पुढे येतील. मे महिन्यात इथे ४० अंश असतं, खिडक्या उघडल्या तर एसीचा उपयोग काय? रस्त्यावर धूळ फार आहे. आणि फिल्टरचं यंत्र विकत घ्यावं की तयार करता येतं?

घनमीटर

मे महिन्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. बाहेर ४०, आत २६ धरलं तर १२४० घनमीटर हवा थंड करायला सुमारे पावणेदोन टन लागतात. तुमच्याकडे एकूण तीन टन, त्यातला बराचसा भाग ४० माणसांच्या उष्णतेतच जातो. म्हणजे जमणार नाही, आणि मुलं दुसऱ्याच दिवशी खिडक्या बंद करतील. म्हणून उन्हाळ्यात दुपारी अकरा ते पाच बाहेरची हवा निम्म्यावर, ६०० घनमीटरवर आणा (एक्झॉस्टला रेग्युलेटर लावा) आणि उरलेलं काम फिल्टरवर टाका. एसीवरचा भार पाऊण टनाच्या आसपास राहील. मीटर १६०० च्या पुढेमागे दाखवेल, त्याने घाबरू नका : फिल्टर कण पकडतो, कार्बन डायऑक्साइड नाही. सकाळी, संध्याकाळी आणि पावसाळ्यात पुन्हा पूर्ण वेगाने.

फिल्टरचं खोकं तयार करता येतं. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांनी २०२० मध्ये ही रचना लोकप्रिय केली : चार फिल्टर उभे करून चौकोन, खाली पुठ्ठा किंवा प्लायवूड, वर पंखा, हवा वरच्या दिशेने फेकणारा. अमेरिकेतला चौकोनी पंखा आपल्याकडे सहज मिळत नाही. पंधरा किंवा अठरा इंची एक्झॉस्ट फॅन प्लायवूडच्या झाकणात गोल भोक पाडून बसवा. टेबल फॅन वापरू नका, फिल्टरचा अडथळा आला की त्याची हवा पात्यांच्या कडेने मागे वळते. झाकणातलं भोक पात्यांच्या व्यासापेक्षा जेमतेम बोटभर मोठं असावं. फिल्टर रुग्णालयांच्या, औषध कारखान्यांच्या वातानुकूलनाला माल पुरवणाऱ्यांकडे मिळतात. मागताना "मर्व्ह १३" किंवा "एफ ७" (फिल्टर किती बारीक कण पकडतो याच्या प्रती) असंच मागा. दुकानदार "पाच मायक्रॉनचा" म्हणून देतात तो बहुतेकदा खरखरीत असतो, आपल्या कामाचा नाही. २४ × २४ इंच मापाचे, निदान दोन इंच जाडीचे घ्या. चौकटीवरचा बाण खोक्याच्या आतल्या बाजूला. सगळे सांधे रुंद चिकटपट्टीने बंद करा, एका सांध्यातून हवा गळली तरी ती फिल्टर टाळून जाते.

असं एक खोकं नीट बांधलं तर तासाला हजार घनमीटरच्या आसपास स्वच्छ हवा देतं. बाहेरचे ६०० धरून माणशी सेकंदाला ११ लिटर होतात. अभ्यासिकेत आवाज ही खरी अडचण आहे, म्हणून एक खोकं पूर्ण वेगाने चालवण्यापेक्षा दोन खोकी मंद वेगाने, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. धुळीचा प्रश्नही यातच सुटतो, पण रस्त्याकडच्या भिंतीमुळे फिल्टर लवकर भरतील. आठ-दहा महिन्यांनी बदला. कागदाची पट्टी पंख्यावर धरून दर महिन्याला पाहा, पट्टी पूर्वीपेक्षा मरगळली की वेळ झाली. बदलताना मास्क घाला, फिल्टर झटकू नका, थेट पिशवीत बांधा. धुऊन परत वापरता येत नाहीत. पंख्याला अर्थिंग हवं आणि रात्री बंद करून जायचं.

आयोनायझर (हवेत विद्युतभारित कण सोडणारी यंत्रं), ओझोनची यंत्रं आणि उघडी यूव्ही (अतिनील किरणांची) नळी यांचे विक्रेते तुमच्याकडे येतीलच. ओझोन फुप्फुसाला त्रास देतो, उघडी यूव्ही डोळ्यांना आणि कातडीला इजा करते. जंतुनाशक फवारणीचे बोगदे तर २०२० मध्येच केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने माणसांवर वापरू नयेत असं सांगितलं होतं.

सूक्ष्मदर्शक

मास्कबद्दल थोडं राहिलं. हवा खेळवल्याने खोलीभर साठलेले कण कमी होतात, पण शेजारच्या खुर्चीवरचा खोकत असेल तर त्याच्या तोंडापासून दोन फुटांवर फिल्टर पोचत नाही. तिथे एन-९५ किंवा एफएफपी-२ लागतो, झडप नसलेला. तो कण पकडतो ते मुख्यतः धाग्यांवरच्या स्थिर विद्युतभारामुळे. साबणाने धुतला की भार जातो आणि मास्क दिसायला तसाच राहतो. नाकाची पट्टी दाबून बसवा, जोरात श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ आली तर वरून गळतोय. दाराशी सॅनिटायझरच्या शेजारी अशा मास्कचा डबा ठेवा, खोकणाऱ्याने न मागता घ्यावा.

आणि परीक्षेच्या दिवसांत मुलं रॅपिड अँटिजेन चाचणी करून "निगेटिव्ह आहे" म्हणत येतील. पहिल्या दिवशी विषाणू कमी असतो तेव्हा ही चाचणी चुकते. लक्षणं असतील तर ४८ तासांनी पुन्हा करायला सांगा. तोवर त्या मुलाचं आसन राखून ठेवा, नाहीतर जागा जाईल या भीतीने तो ताप लपवून येऊन बसेल.